प्रेशरची पिचकारी की पंपाची? आधी हात कोणाचा ते बघा

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकरा वर्षांची, धुळवडीला दोघांना नव्या पिचकाऱ्या घ्यायच्या आहेत. गेल्या वर्षी आणलेली प्रेशरवाली दोन-चार फवाऱ्यांतच मरत होती आणि शेजारच्या पोराची साधी ओढ-ढकल करायची पिचकारी मात्र दुपारपर्यंत चालली. म्हणून तुम्ही विचारताय की प्रेशरची चांगली की पंपाची, दूर कोणती जाते, बॅटरीवाली घ्यावी का, आणि जुनीचं काय करायचं.

मी नागपूरच्या इतवारीत फवारणीचे पंप दुरुस्त करतो. काटोल, नरखेड, सावनेरकडचे संत्रा-कपाशीवाले शेतकरी पाठीवरचे पंप घेऊन येतात, आणि फाल्गुन लागला की त्याच टेबलावर मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांच्या पिचकाऱ्या येऊन पडतात. आतला कारभार सारखाच असतो: दट्ट्या, त्याच्या टोकाचा वायसर (पाणी-हवा अडवणारी चकती), झडप, तोटी. त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहून तुम्हालाच ठरवता येईल.

"दूर कोणती जाते" हा प्रश्न मला सगळेच विचारतात, पण त्यावरून पिचकारी निवडली की फसगत होते. दोन्ही प्रकारांत पाण्याला ढकलणारी ताकद शेवटी मुलाच्या हातातूनच येते. ती खर्च कधी होते, एवढाच काय तो फरक. पंपाच्या पिचकारीत पोरगं जेव्हा दट्ट्या ढकलतं तेव्हाच पाणी उडतं. जेवढा जोर लावला तेवढी धार, आणि जोर थांबला की धार थांबली. प्रेशरच्या पिचकारीत तीच मेहनत आधी करून हवेत साठवून ठेवायची आणि नंतर घोडा दाबून वापरायची. मग कोणती बरी हे मुलाच्या हातात जोर किती, पाण्याची बादली किती लांब, पाण्यात काय कालवलंय आणि खेळ गल्लीतला की गच्चीवरचा, यावर ठरतं. हे न बघता "हीच घ्या" म्हणणारा दुकानदार त्याचा माल खपवतो आहे असं समजा.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण खोक्यावर "हाय प्रेशर" सगळ्यांवरच छापलेलं असतं. मूठ ढकलली की लगेच तोटीतून पाणी येतं, ती पंपाची. आधी मूठ मारावी, म्हणजे पुढे-मागे करावी लागते, काही बाहेर येत नाही, आणि नंतर घोडा दाबून धरला की सलग धार सुटते, ती प्रेशरची. पाठीवर कार्टूनची टाकी आणि तिच्यातून नळी आलेली जी पिचकारी मुलांना फार आवडते, तिला बहुतेक लोक प्रेशरवाली समजतात. ती बहुतेक वेळा पंपाचीच असते. पाठीवर फक्त पाणी असतं, दाब नसतो. आणि नुसता घोडा दाबून चुळूक-चुळूक उडणारं जे छोटं पिस्तूल असतं तेही पंपच, दट्ट्या फक्त बोटाएवढा.

आता पंपाची पिचकारी. आमच्या धंद्यात दाब किलोत बोलतात. एक किलो प्रेशर म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार, आणि तेवढा दाब पाण्याला दहा मीटर उंच चढवू शकतो. समजा तुमच्या मुलाने पाच किलोचा जोर लावला. नळीचा आतला व्यास दोन सेंटिमीटर असेल तर दट्ट्याचं तोंड साधारण तीन चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे पाण्यावर दीड किलोच्या वर दाब आला. तीच नळी चार सेंटिमीटरची जाडजूड घेतली तर तोंड चौपट मोठं, आणि त्याच पाच किलोत दाब आला जेमतेम ०.४ किलो. पाणी निम्म्या वेगाने बाहेर पडतं. आईबाप मात्र हौसेने लहान लेकराला सगळ्यात जाड पिचकारी घेऊन देतात, ते बिचारं पोटाला टेकवून ढकलतं आणि धार त्याच्याच पायाशी पडते. लहान हाताला बारीक नळी. वीस सेंटिमीटर लांबीच्या बारीक नळीत एका दमात साठेक मिली पाणी येतं, जाडीत अडीचशे. पाणी कमी बसतं हे खरं, पण जिथे नेम धरला तिथे पोहोचतं.

पंपाच्या पिचकारीचा मोठा गुण असा की शेवटच्या फवाऱ्यालाही पहिल्याइतकाच जोर असतो. टाकीत पाणी भरलेलं असो की तळाशी गेलेलं, मुलाने ढकललं की तेवढंच जातं. झाकण केव्हाही उघडा, केव्हाही भरा, काही वाया जात नाही. दोष हा की दोन्ही हात गुंततात, पळता-पळता मारता येत नाही, नेमही हलतो कारण ज्या हाताने जोर लावायचा त्यानेच पिचकारी धरायची असते. आणि हात थकतो. तासाभरात सात वर्षांच्या पोराचा थकतोच.

प्रेशरच्या पिचकारीत टाकीत पाणी आणि त्याच्या वर हवा असते. मूठ मारली की बाहेरची हवा आत कोंबली जाते, ती दबते, आणि घोड्याने वाट मोकळी केली की ती पाण्याला बाहेर रेटते. म्हणजे काम हवा करते. तुमच्या गेल्या वर्षीच्या पिचकारीचं रहस्य बहुधा इथेच आहे. तुम्ही लिहिलंय की "पूर्ण गळ्यापर्यंत भरून द्यायचो". एक लिटरची टाकी धरा. त्यात ९०० मिली पाणी भरलं, हवेला जागा राहिली १०० मिली. सात-आठ वेळा मूठ मारली की मूठ जड लागते, मुलाला वाटतं झालं, भरली. दाब खरंच दोन किलोपर्यंत गेलेला असतो. पण शंभर मिली पाणी बाहेर पडलं की हवेची जागा दुप्पट झाली आणि दाब उरला अर्धा किलो. दोनशे मिली गेलं की दाब संपला. सातशे मिली पाणी तसंच आत, आणि पोरगं घोडा दाबतंय तर थेंब टपकतोय. पिचकारी बिघडलेली नसते, तिला काम करायला हवाच ठेवलेली नसते.

आता तीच टाकी दोन तृतीयांश भरा. पाणी ६६७ मिली, हवा ३३३. दोन किलोपर्यंत न्यायला एका मारात २५ मिली हवा जाणारा पंप असेल तर सव्वीस-सत्तावीस मार लागतात, म्हणजे मेहनत तिप्पट. पण या हिशेबात दाब आणि पाणी जवळपास एकाच वेळी संपतात, काही शिल्लक राहत नाही. निम्मी भरली तर अजून चांगली: दोन किलोला चाळीस मार लागतात आणि शेवटचा थेंबसुद्धा अर्ध्या किलोच्या जोराने जातो. टाकीवर स्केचपेनने दोन तृतीयांशाची रेघ मारून द्या आणि मुलांना सांगा, रेघेच्या वर भरायचं नाही. माझ्याकडे "प्रेशर धरत नाही" म्हणून येणाऱ्या पिचकाऱ्यांमध्ये कितीतरी या एका रेघेने सुधारतात, पाना हातात घ्यावाच लागत नाही.

तरीही एक गोष्ट जाणार नाही. दोन तृतीयांश भरलेल्या टाकीतही निम्मं पाणी गेलं की दाब चौथाईवर येतो आणि धारेचा वेग निम्मा होतो. पहिली धार समोरच्या गच्चीपर्यंत, शेवटची फाटकापर्यंत. मुलांना हे ठाऊक नसतं म्हणून ती पूर्ण रिकामी होईपर्यंत मारत राहतात. मध्येच पाच-सहा मूठ मारून दाब चढवत राहायचा, हे शिकवलं की खेळ बदलतो. फवारणीचा पाठीवरचा १६ लिटरचा पंप वापरणारा माणूस एका हाताने दांडा हलवत राहतो, तो यासाठीच.

प्रेशरवालीचे आणखी दोन स्वभाव माहीत असू द्या. एक, झाकण उघडलं की सगळा दाब गेला. म्हणजे बादलीपाशी दरवेळी शून्यापासून मूठ मारायची, आणि तोपर्यंत समोरची पोरं बादल्या ओतून मोकळी होतात. बादली लांब असेल, दहा-बारा पोरांची गल्ली असेल, तर पंपवाला पोरगा जास्त भिजवतो. शेजारच्या पोराचं गेल्या वर्षी तेच झालं असणार. दोन, टाकीच्या आत एक नळी तळापर्यंत गेलेली असते. पिचकारी उलटी-तिरपी करून मारली की नळीचं तोंड पाण्याबाहेर येतं आणि पाण्याऐवजी हवाच फुस्सकन निघून जाते. दोन सेकंदांत सगळी मेहनत वाया. वरून खाली, गच्चीवरून गल्लीत मारणाऱ्यांच्या पिचकारीत हे हमखास होतं.

दूर जाण्याबद्दल बोलायचं तर दाबाइतकीच तोटी महत्त्वाची. एक किलो दाबाला पाणी हिशेबाने सेकंदाला चौदा मीटरने निघतं. दोन मिलिमीटरच्या भोकातून ते सेकंदाला ४४ मिली जातं, चार मिलिमीटरच्या भोकातून चौपट. लिटरभर पाणी एकीकडे वीस-बावीस सेकंद पुरेल, दुसरीकडे सहासुद्धा नाही. आतल्या अरुंद वाटांत बराच जोर मरतो, तेव्हा प्रत्यक्षात आकडे कमी भरतात, पण प्रमाण हेच राहतं. आता गंमत अशी की जाड धार हवेत टिकते आणि लांब जाते, बारीक धार थोड्या अंतरावर फुटून तुषार होते. म्हणून मुलं सुई तापवून भोक मोठं करतात. पंपाच्या बारीक नळीत त्याचा फायदा नाही, कारण साठ मिली पाणी क्षणात निघून जातं. वर सुईने केलेल्या भोकाची कड वितळून वेडीवाकडी होते आणि धार तोटीपाशीच फाटते. करायचं असेल तर उलट करा: नवीन पिचकारीच्या तोटीच्या कडेला साच्यातून आलेला प्लास्टिकचा बारीक कंगोरा असतो. नखाला लागतो. तो धारदार ब्लेडने मोठ्या माणसाने अलगद काढला की धार एकदम काचेसारखी निघते. आणि मुलांना सांगा, लांब मारायचं तर तोटी ४५ अंशांपेक्षा थोडी खालीच धरायची. हवेचा अडथळा असतो, फार वर धरली की धार वरच विरते.

हे प्रेशरचं खेळणं आलं कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. लॉनी जॉन्सन नावाचे अमेरिकन अभियंते, नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले. १९८२ मध्ये ते घरी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता पंपाचा, म्हणजे फ्रिज-एसीच्या तत्त्वावरच्या यंत्राचा, प्रयोग करत होते. तोटीतून सुटलेली जोरदार धार बघून त्यांना पिचकारी सुचली. १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, १९९० मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्या वर्षी 'सुपर सोकर' नावाने गाजली. नंतर त्यात दोन कप्पे झाले: एका उघड्या टाकीत पाणी, आणि मूठ मारली की ते पाणी दुसऱ्या बंद कप्प्यात जाऊन तिथली हवा दाबतं. याचा फायदा तुमच्या लक्षात आलाच असेल, टाकी उघडून भरली तरी दाब जात नाही. पुढे १९९६ च्या सुमारास हवेऐवजी फुग्यासारखी रबरी पिशवी आली. रबर आकसत जातं तसं पाणी ढकलतं, त्यामुळे धार शेवटपर्यंत जवळपास सारखी राहते. आपल्या बाजारात होळीच्या आधी जो माल येतो त्यात बहुतेक एकाच टाकीचा, साधा प्रकार असतो. दोन कप्प्यांची मिळाली आणि खिशाला परवडली तर मुलीसाठी जरूर घ्या.

इथपर्यंतचा हिशेब एवढाच: पंपाची म्हणजे सारखा जोर, झटपट भरणं, पण थकवा. प्रेशरची म्हणजे सलग धार, चांगला नेम, पण आधीची मेहनत आणि घसरता दाब. आता जे प्रकरण दोघींनाही मारतं त्याकडे येतो. रंग.

परवाच एक पंपाची पिचकारी उघडली. मूठ हलायची, पाणी ओढायची नाही. तोटीमागचं आटे असलेलं टोपण काढलं, आतून करडईच्या दाण्याएवढी काचेची गोळी निघाली. ही गोळीच झडप असते. पाणी एका बाजूने आलं की उठते, दुसऱ्या बाजूने आलं की बसून भोक बंद करते. गोळीच्या बैठकीवर जांभळ्या गुलालाचा चिखल वाळून घट्ट बसला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. गोळी पूर्ण बसतच नव्हती, म्हणून दट्ट्या ओढला की टाकीतलं पाणी येण्याऐवजी तोटीतून हवाच आत यायची. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, जुन्या टूथब्रशने बैठक घासली, पिचकारी चालू. नवा भाग एकही घातला नाही.

कोरडा गुलाल बहुतेक वेळा पिठूळ पदार्थावर रंग चढवून केलेला असतो. तो पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि मग बसतो. पंपाच्या पिचकारीत झडप सुटी असते, खोलता येते. प्रेशरवालीत झडपा आणि घोड्याची वाट अरुंद, आणि बरेचदा दोन भाग चिकटवून बंद केलेले. खोलायचं म्हणजे फोडायचं. म्हणून माझा नियम आहे, प्रेशरच्या पिचकारीत एक तर साधं पाणी किंवा पूर्ण विरघळलेला आणि गाळलेला रंग. गाळायचा दुपदरी सुती कापडातून, चहाच्या गाळणीतून नाही. या दिवसांत शहराबाहेर कुठेही निघा, पळस फुललेला असतो. खाली पडलेली फुलं वेचून आणा, रात्री गरम पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून तशाच कापडातून गाळा. छान केशरी-पिवळा रंग येतो, तोटी तुंबत नाही आणि मुलांच्या कातडीचीही काळजी राहत नाही.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक. जड पाण्याने तोटीवर पांढरा थर धरतो, वर्षभर पडून राहिलेल्या पिचकारीत तर हमखास. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तोटी तासभर ठेवली की सुटतो.

आता थोडं कडक बोलतो, रागावू नका. धुळवडीला काही लोक शेतातला जुना फवारणी पंप धुऊन त्यात रंग भरतात आणि मुलांच्या अंगावर मारतात. मी स्वतः दहा वेळा धुतलेला पंप दिला तरी असं करू नका. औषध वायसरच्या रबरात, नळीत, टाकीच्या प्लास्टिकमध्ये मुरतं, ते धुऊन जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या विदर्भात हे घडून गेलंय. ज्या टाकीत कधी एकदा जरी औषध गेलं, ती लेकरांच्या खेळात आणायची नाही. तुमच्या घरी गावाकडून आलेला असा पंप असेल तर तो धुळवडीच्या आदल्या दिवशीच कुलपात ठेवा.

दुसरी काळजी डोळ्यांची. दोन किलो दाबाला तोटीपाशी पाण्याचा वेग हिशेबाने सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर होतो. खेळण्यात तेवढा सहसा मिळत नाही, पण त्याच्या निम्म्या वेगाची धार हातभर अंतरावरून डोळ्यात गेली तरी इजा होऊ शकते. जोर सगळ्यात जास्त तोटीजवळ असतो. घरात नियम करा: प्रेशरवाली चेहऱ्यावर मारायची नाही, आणि जवळ आलेल्यावर तर नाहीच. लागलंच तर चोळू न देता स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. दुखणं, लाली किंवा अंधूक दिसणं राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दाब भरलेल्या टाकीचं झाकण तोंडासमोर धरून उघडू नका, आधी घोडा दाबून दाब सोडा, मग सावकाश फिरवा. आणि दाब भरून उन्हात ठेवू नका. उन्हाने दाब फार वाढतो असं नाही, टाकी तीस अंशांनी तापली तरी दोन किलोचा दाब सव्वादोन किलोच्या आसपासच जातो. पण नागपूरच्या मार्चच्या दुपारी तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं आणि सांधा तिथेच उघडतो.

खरेदीच्या वेळी खोक्यावर आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. पिचकारीसारख्या बिनविजेच्या खेळण्यांसाठी मानक आयएस ९८७३. मग दुकानातच, पाण्याशिवाय दोन परीक्षा घ्या. पंपाची असेल तर तोटीवर अंगठा घट्ट दाबून मूठ ढकला. मूठ अडायला हवी. सरसर आत गेली तर वायसर ढिला आहे. प्रेशरची असेल तर झाकण लावून दहा-पंधरा मूठ मारा, कान गळ्यापाशी न्या, फुसफुस ऐकू येते का बघा. मिनिटभर थांबा आणि तोटी बाजूला वळवून घोडा दाबा. जोरात फुस्स झालं पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा, इतवारी-महालात होळीच्या आधी दुकानं काही कमी नसतात.

तुमच्या घराचं मी असं करीन. मुलाला पंपाची, बारीक नळीची, मुठीला चांगली पकड असलेली. पाठीवरची टाकी हवीच असा हट्ट असेल तर लिटरभराची; लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझं, दोन लिटरची घेतली की तो पळणार नाही. मुलीला प्रेशरची, लिटरभराच्या टाकीची, रेघ मारून दिलेली. अकराव्या वर्षी पंचवीस-तीस मूठ मारायला हात पुरतो, आणि कधी चढवायचा, कधी सोडायचा हे तिला कळेल. पण तुमची गल्ली दाटीची असेल आणि सगळी पोरं एकाच नळावर भरत असतील तर तिलाही पंपाचीच द्या, फक्त थोडी जाड, तीन सेंटिमीटरच्या आसपास. बहीण-भावाला एकाच प्रकारची दिली की भांडणही कमी होतं, तेही धरा.

बॅटरीवाली? साध्या पाण्याने गच्चीवर खेळायला ठीक आहे. आतला पंप छोटा असतो, रंगाचा एक दाणा अडकला की मोटर अडते, आणि बॅटरीच्या कप्प्यात पाणी शिरलं की संपर्काच्या पट्ट्या गंजतात. धुळवडीच्या गर्दीत मी ती देणार नाही.

राहिली तुमची जुनी. फेकू नका, आधी दोन तृतीयांश भरून बघा. तेवढ्यानेच चालली तर प्रश्न मिटला. नाही चालली तर रिकामी टाकी दाब भरून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. झाकणापासून आले तर आतली रबरी रिंग वाळली आहे. तिचं माप घेऊन हार्डवेअरच्या दुकानात तसलीच मिळते. मुठीच्या दांड्यापासून आले तर पंपाचा वायसर गेला, तो कोणताही पंप-दुरुस्तीवाला घालून देईल. रिंगला खोबरेल तेल लावू नका. जुन्या पितळी पिचकारीत चामड्याचा वायसर किंवा गुंडाळलेलं सूत असायचं, त्याला तेल लागायचंच, तिथून ही सवय आली आहे. आताचं रबर तेल लागलं की बरेचदा फुगतं आणि दट्ट्या अडकतो. सिलिकॉन ग्रीस मिळतं, मुगाच्या दाण्याएवढं बोटाने फिरवा, पुरे. खेळ झाल्यावर दोनदा साध्या पाण्याने फवारून, झाकण उघडं ठेवून सावलीत वाळवा आणि दाब न भरता ठेवा, पुढच्या वर्षी रिंग शाबूत राहील.

बुडबुडे टाकीच्या सांध्यातून किंवा तोटीच्या मुळाशी दिसणाऱ्या तड्यातून येत असतील तर मात्र फेव्हिक्विकने चिकटवून मुलाच्या हातात देऊ नका. दाबाखाली तो जोड कधी सुटेल सांगता येत नाही, आणि टाकी चेहऱ्याजवळच धरलेली असते. तशी असेल तर ती भंगारात द्या.